घरातली पहिली वकील : यश नक्की कशात धरायचं?

एकेरीत लिहितेय, राग मानू नको, वयाने बरीच मोठी आहे मी तुझ्यापेक्षा. रत्नागिरी जिल्ह्यात दिवाणी वकिली करते, वीसेक वर्षं होऊन गेली, काम मुख्यतः जमिनीचं म्हणजे वाटपाचे दावे, कुळाच्या भानगडी, सातबाऱ्यावरच्या नावांचे घोळ. खेड तालुक्यातल्या बौद्धवाडीतली मी. आमच्या घरातलं कोणी माझ्या आधी कोर्टाची पायरी चढलं असेल तर ते साक्षीदार म्हणून नाहीतर आरोपी म्हणून.

तू काय विचारलंयस ते आधी माझ्या शब्दांत मांडते. तू देवगडकडची, गाबीत, वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होते, आई अजून बाजारात मासे विकायला बसते. घरातली पहिली वकील तू. फोर्टातल्या एका फर्ममध्ये सहा वर्षं काढलीस, पगार बरा आहे, पण बरोबरची मुलं पुढे सरकली आणि तुला अजून मागच्या खोलीत ड्राफ्टिंगलाच बसवतात, क्लायंटसमोर नेत नाहीत आणि कारण कोणी तोंडाने सांगत नाही. समाजाच्या मेळाव्यात शाल-श्रीफळ झालं, आई बाजारात सांगते "माजा चेडू हायकोर्टात असा", भाऊ म्हणतो जज्जची परीक्षा दे. तुला मात्र ओरोसला, जिल्हा कोर्टाच्या गावी, नाहीतर देवगडला स्वतःची प्रॅक्टिस सुरू करावीशी वाटते, आणि भीती ही की लोक म्हणतील मुंबईत जमलं नाही म्हणून परत आली. मग यश म्हणायचं तरी कशाला, असा प्रश्न.

मला वाटतं यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. मुंबई की देवगड हा त्यातला सोपा. तो पैशाचा आणि सोयीचा आहे, त्याचं गणित कागदावर मांडता येतं. अवघड प्रश्न हा की तू स्वतःच्या यशात घरचं देणं मिसळून टाकलंयस. आपल्यासारख्या घरांतून आलेल्या बहुतेकांचं हेच होतं. ज्याच्या आजोबांपासून वकिली आहे त्याला यश म्हणजे धंदा बरा चालणं, बस. तुझ्या यशात आईचा बाजारातला मान आहे, भावाच्या कर्जाचा हप्ता आहे, मेळाव्याला आलेल्या पोरींपुढे उदाहरण म्हणून उभं राहणं आहे, आणि फर्मला आमच्याकडे सगळ्या थरांतली माणसं आहेत हे दाखवायला तुझा फोटो लागतो तेही त्यातच आलं. यातलं तुझं स्वतःचं काय ते बाजूला काढल्याशिवाय यशाबिशाचा विचार करू नको, डोकं फिरेल नुसतं.

म्हणून पहिलं काम, घरचं देणं हे देणं म्हणून लिहून काढ. माझं मी असं केलं होतं. वडील गिरणीत होते, १९८२ चा संप झाला आणि आम्ही बिऱ्हाड गुंडाळून गावी आलो, ते परत गेलोच नाही. मी कमवायला लागले तेव्हा डोक्यावर घराचं छप्पर होतं, धाकट्या बहिणीचं नर्सिंग होतं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. हे सगळं मी वहीत लिहिलं आणि प्रत्येकापुढे किती पैसे आणि कधीपर्यंत ते लिहिलं. बहीण नोकरीला लागली त्या महिन्यात ती ओळ खोडली. खोडली म्हणजे खोडली, नंतर तिच्या दिरासाठी पैसे मागायला आले तेव्हा मी वही दाखवली नाही पण मला स्वतःला माहीत होतं की हे त्या हिशोबात नाही. देणं फेडणं ही चांगली गोष्ट आहे, त्याचा अभिमान बाळग, पण त्याला मुदत असते. मुदत घातली नाहीस तर पन्नाशीलासुद्धा तू दुसऱ्यांच्याच हिशोबाने यशस्वी नाहीतर अयशस्वी ठरत राहशील.

आणि जाता जाता, पैसा म्हणजे यश नव्हे असं कोणी सांगायला आलं तर आधी त्याच्या घरी किती पिढ्या पैसा आहे ते बघ. आपल्याला पैसा लागतो. त्याची लाज वाटून घेऊ नको.

आता परत येणं म्हणजे हरणं, हे लोकांच्या डोक्यात कुठून आलं ते बघ, कारण ते तुझ्याविषयी नाहीच आहे. आपला कोकण शंभर वर्षं मनीऑर्डरवर जगला. पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत, बायका-म्हातारे गावी. कायमचा परत येणारा माणूस म्हणजे एकतर रिटायर झालेला, नाहीतर छातीच्या दुखण्याने आलेला, नाहीतर काम गेलेला. संपानंतर तर वाडीत दर घरात असा एकेक माणूस ओटीवर बसलेला असायचा, माझे वडील त्यातलेच, आणि गावात त्यांना कोणी काही बोलत नव्हतं पण ते कोणाच्या घरी जेवायलाही जात नव्हते. ही आठवण अजून ताजी आहे. त्यामुळे तू स्वतःच्या इच्छेने, सनद आणि सहा वर्षांचा अनुभव घेऊन आलीस तरी शेजारची काकी तुझ्याकडे त्याच डोळ्यांनी बघणार, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही, तिने परत आलेली माणसं तशीच बघितलीत. हे बघणं साधारण दोन गणपती टिकतं. तिच्या पुतण्याच्या फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीला, कोणी हरकत घेतली की ती तुझ्याच दारात येते.

फर्मविषयी मात्र घाईने काही बोलणार नाही, कारण तिथे काय चाललंय ते मी बघितलेलं नाही. पुढे नेत नाहीत याचं कारण जात असेल, बोलण्याचा हेल असेल, बाई आहेस हे असेल, किंवा तुझं ड्राफ्टिंग इतकं चांगलं असेल की तुला तिथून उठवणं त्यांना परवडत नसेल, हेही मी बघितलंय. बहुतेक वेळा सगळ्याची खिचडी असते. माझा सल्ला एवढाच की हे अंधारात ठेवून निघू नको. वरच्या माणसाला ईमेलवर स्पष्ट विचार, या मॅटरमध्ये क्लायंट मीटिंगला मी येऊ का, पुढच्या तारखेला मी उभी राहू का. तोंडी नको, लेखी. उत्तर आलं तर चांगलंच, गोलगोल आलं किंवा आलंच नाही तर तेही उत्तरच आहे. नाहीतर होतं काय, माणूस सोडून येतो आणि पुढे दहा वर्षं रात्री विचार करत बसतो की आपण कमी पडलो का त्यांनी पडू दिलं.

आणि काम मिळतं किती यावरून लायकी ठरवायची तर बाबासाहेबांचंच बघ. बॅरिस्टर होऊन येऊन १९२३ ला मुंबईत वकिली सुरू केली, पण सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ कुठून देणार, तेव्हा बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये मर्कंटाइल लॉ शिकवून संसाराला हातभार लावत होते. त्या वर्षांची कमाई बघून कोणी मत दिलं असतं तर ते काय झालं असतं? त्याच माणसाने १७ सप्टेंबर १९३७ ला खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, रद्द करायचं बिल मुंबईच्या विधानसभेत मांडलं, आणि आमच्या वाड्यांना खोत म्हणजे काय ते सांगायला नको. (हेही सांगते, बाबासाहेबांचं उदाहरण देऊन कोणी तुला फुकट राबवायला लागला तर त्याला हात जोड. तू आणि मी बाबासाहेब नाही, आपल्याला घराचा हप्ता आहे.)

तर मग यश कशात, माझ्या धंद्यात मी ते कशात धरते ते सांगते, तुला पटलं तर घे.

काही वर्षांपूर्वी एक आजी आली, मुंबईला डिलाईल रोडला राहणारी, गाव आमच्याच पट्ट्यातलं. प्लास्टिकच्या पिशवीत कागद. तिच्या सासऱ्यांची वतनाची, म्हणजे पूर्वी गावकामाच्या बदल्यात मिळालेली जमीन, समुद्राकडे तोंड करून असलेला कातळ, ज्याला आधी कोणी विचारत नव्हतं आणि रिसॉर्टवाले फिरायला लागल्यावर अचानक सोनं झालेला. एजंटाने तिच्याकडून कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेतला होता, थोडे पैसे हातावर टेकवले होते आणि मुखत्यारपत्राच्या जोरावर पुढे साठेकरार, म्हणजे विक्री ठरवल्याचा करार, करून मोकळा झाला होता. तिची समजूत अशी की आपण "चौकशीच्या कागदावर" अंगठा दिला. आता सातबारा वाचताना लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद घडी करून ठेवतात. मी भोगवट्याचा वर्ग, म्हणजे जमीन कुठल्या अटींवर धरलीय ते, आणि इतर हक्काचा रकाना आधी बघते. तिथे नवीन शर्तीची नोंद होती, म्हणजे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतनं रद्द झाली तेव्हा जमीन परत दिलेली, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही या अटीवर. परवानगीचा पत्ता नव्हता. मी जुने फेरफार काढले, रिग्रँटचा, म्हणजे जमीन परत दिल्याचा, हुकूम काढला, आधी मुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस दिली, मग दावा लावला, मनाई हुकूम मिळाला, आणि शेवटी समोरच्याने स्वतःच करार रद्द करून घेतला कारण त्याच्याच वकिलाने त्याला सांगितलं की हे टिकणार नाही. कुठे छापून आलं नाही, कुठला निकाल रिपोर्ट झाला नाही, फी हप्त्याने मिळाली.

ही केस दुसरा वकील जिंकला नसता असं मी म्हणत नाही. पण तो रकाना मी आधी बघते कारण तशी जमीन आमच्या घरात होती, आणि आजीला कलेक्टर, तलाठी, फेरफार हे तिच्या भाषेत सांगता आलं, तिने मधे तीनदा तोच प्रश्न विचारला तरी ती ओशाळली नाही. माझं यश मी यात धरते. जे काम माझ्या हातून नीट होतं कारण मी जिथून आलेय तिथून आलेय, आणि ज्याचे पैसेही मिळतात. शेवटचं वाक्य विसरू नको. मासेमारीचे परवाने, सोसायटीचं बोटीवरचं कर्ज, डिझेल परताव्याची भानगड, जेटीलगतच्या जागेवर नाव कोणाचं, हे सगळं फोर्टातल्या कोणाला कळतं? तुला कागद हातात घेतला की वास येतो. ती तुझी बाजू आहे.

पण याला एक वाईट अंग आहे, ते आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर लागणार नाही. आपलीच माणसं दाखला अडला, पोलिसात बोलावलं, बायकोने तक्रार केली की रात्री दहाला आपल्या दारात येतात, फुकट, आणि तोच माणूस मोठ्या जमिनीचा दावा असला की जुन्या नावाजलेल्या वकिलाकडे जातो, पैसे मोजून. मला याचा फार राग यायचा. नंतर लक्षात आलं की त्यालाही कोणी शिकवलंय की आपल्यातलं म्हणजे जरा कमीच, आणि तो धडा त्याने माझ्याकडून शिकलेला नाही. तरी राग येतोच. उपाय म्हणून मी दोन गोष्टी करते. एक, पहिल्याच भेटीत फी कागदावर लिहून देते, नातेवाईक असला तरी, आणि हप्ते पाडून देते. माझ्याकडे हप्ते गणपती आणि शिमग्याला येतात कारण तेव्हा मुंबईकर गावाला असतो, तुझ्याकडे जून-जुलैची मासेमारीबंदी असते, तेव्हा दर्याकडून आलेल्या माणसाला हप्ता नारळीपौर्णिमेनंतरचाच लाव, आधीचा लावलास तर तो येणंच बंद करेल. दुसरं, खरंच ज्याच्याकडे नाही त्याला तालुका विधी सेवा समितीकडे पाठवते. १९८७ चा कायदा आहे, बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तू पॅनलवर नाव घाल. म्हणजे फुकट काम समाजसेवा म्हणून तुझ्या पदरातून जाणार नाही, थोडे का होईना पैसे मिळतील आणि त्याचं रेकॉर्ड राहील.

उलटंही होतं. ज्यांना माझी वाडी कुठली ते पक्कं माहीत आहे अशी माणसं, एकेकाळी आमच्या लोकांना अंगणात थांबवणारी घरं, भावकीचा वाटपाचा दावा घेऊन माझ्याकडे येतात. पहिल्यांदा आली तेव्हा मला फार मोठं काहीतरी झाल्यासारखं वाटलं. वाटणारच. पण त्याला मी यश म्हणायचं बंद केलं, कारण मग परत त्यांचाच शिक्का लागतो ना. आता तो एक दावा आहे, फी घेते, उलटतपास नीट घेते, झालं.

पहिली असण्याविषयी थोडं. पहिली म्हणून सत्कार होतो तो घे, आईला पुढे बसव, साडी घे तिला. पण पहिली असणं हे तू केलेलं काम नाही, आधीच्यांना येऊ दिलं नाही त्याचा तो हिशोब आहे. सुप्रीम कोर्ट १९५० चं आणि पहिले दलित सरन्यायाधीश झाले ते २००७ ला, यात त्या गृहस्थांचं कर्तृत्व आहेच पण मधली सत्तावन्न वर्षं कोणाचं कर्तृत्व? बायकांनाही वकिली करायची परवानगी कायद्याने मिळाली ती १९२३ ला. म्हणून मला पहिलीपेक्षा दुसरी कोण यात जास्त रस आहे. माझ्या ऑफिसात ज्युनिअर घेते तेव्हा पगार देते, तालुक्याच्या ठिकाणी बरेच सिनियर देत नाहीत, "शिकायला मिळतंय ना" म्हणतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्या अशी शिफारस केली, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. बिनपगारी तीन वर्षं कोण काढू शकतं? ज्याच्या वडलांचं ऑफिस, वडलांचे पक्षकार, वडलांची कपाटभर पुस्तकं आहेत तो. आपल्याकडची पोरगी दुसऱ्या वर्षी टायपिंगच्या नोकरीला लागते आणि सनद ट्रंकेत जाते. तुझं ऑफिस झालं की एका मुलीला पगारावर ठेवता येईल का, हे तुझ्या वहीत लिही. देण्याच्या पानावर नको, दुसऱ्या.

जज्जची परीक्षा. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं वकिलीची अट परत आणली, तुझी सहा वर्षं फर्ममधली आहेत तेव्हा प्रॅक्टिसचा दाखला कसा मिळतो ते आधी बघ. काम आवडणार असेल तर जरूर दे, चांगलं काम आहे, बदल्या होतात तेवढं लक्षात ठेव. भावाला जज्जचा भाऊ व्हायचंय म्हणून देऊ नको.

आता सोपा प्रश्न, मुंबई की देवगड. हे तुझ्या परिस्थितीवर आहे. आईवडलांची तब्येत, भावाच्या कर्जाची किती वर्षं उरलीत, लग्नाचं काय ठरतंय, गावात राहायला घर आहे का भाडं पडणार. माझ्या अंदाजाने स्वतःच्या प्रॅक्टिसमधून घर चालायला लागेपर्यंत दोन ते तीन वर्षं जातात, जमिनीच्या कामात पैसा उशिरा येतो. तेव्हा वर्ष-दीड वर्षाचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नको, वहीतलं मोठं देणं उरलं असेल तर अजून थांब, थांबणं म्हणजे घाबरणं नव्हे. एक गोष्ट मात्र माझ्या वेळेपेक्षा खूप बदललीय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यात आले. आधी इथला पक्षकार अपिलासाठी मुंबईला जायचा, म्हणजे रेल्वे, लॉज आणि तिथल्या वकिलाची फी. आता फोंडा घाट चढून सकाळी जाऊन रात्री परत. आणि हायकोर्टाचं ड्राफ्टिंग सहा वर्षं घासून केलेली माणसं तालुक्याच्या बाररूममध्ये फार नाहीत. फर्मने तुला मागच्या खोलीत बसवलं त्याचा हा एक फायदा, घे करून. देवगडला राहून ओरोस आणि कोल्हापूर दोन्ही धरता येईल, आणि आईचं "हायकोर्टात असा" हेही खोटं पडणार नाही.

राजीनाम्याआधी आठवडाभराची रजा काढ आणि इकडे येऊन नुसती कोर्टात बस. मे महिन्यात नको, दिवाणी कोर्टांना सुट्टी असते, जुलैत ये. देवगडला दोन दिवस, ओरोसला दोन दिवस, एक दिवस कोल्हापूर. बोर्डावर कसली कामं आहेत, किती पुढच्या तारखांवर जातात, मासेमारीच्या आणि किनाऱ्यावरच्या जमिनीच्या मॅटरमध्ये कोण उभं राहतं, बायका किती दिसतात, बाररूममध्ये तुला खुर्ची कोण देतं, ते वहीत लिहून आण आणि मला इथेच सांग, मग फीचे आकडे आणि ऑफिसच्या भाड्याचं बोलू.